मिठागरावर बाईने पाणी पिऊ नये

११ जानेवारी १९५६

मोठी जाऊ कमळबाय आज मागच्या दारी शेवग्याला धरून उभी होती. पदराचा बोळा दातांत. मी शेणाची पाटी घेऊन निघाले होते, ती तशीच थबकले. "काय होतंय?" मान हलवली. पुन्हा विचारलं. पुन्हा मान! तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, "उन्हाली लागलीय गो. जा तू."

मला वाटलं ऊन बाधलं. जानेवारीत कसलं ऊन! तर तेवढ्या कळांतही हसली. लघवीला आग होते म्हणे. थेंब थेंब होते, आणि उठलं की पुन्हा बसावंसं वाटतं. "मिठागर सुरू झालं का सगल्या बायांना लागते. औंदा तू पन येशील ना कामाला? तुलापन लागंल." हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यावं तसं सांगितलं!

सगळ्या बायांना? आणि बापयांना? हे काय गौडबंगाल आहे?

(ही वही यांनी मुंबईहून आणली. मिठाच्या शेटने मीठ नेणाऱ्या मचव्यावरच्या सगळ्या खलाशांना एकेक वाटली. बाकीच्यांनी विड्या वळल्या असतील. सातवी पास झाल्याचा मला एवढा तरी उपयोग! हिरामण — नवऱ्याचं नाव वहीत लिहिलं तर चालतं ना? तोंडाने तर घेतलं नाही.)

१४ जानेवारी

संक्रांत. सासूबाईंनी कमळबायला एकच लाडू दिला. "तील गरम. तुला नको." तिला तिसरा सरला. तिच्या लग्नाला सात वर्षं झाली. आधी दोनदा राहिलं, दोन्ही गेली. एक सहाव्यात, एक पाचव्यात. तिचे यजमान दयाराम भावोजी त्यावर अवाक्षर काढत नाहीत, नुसते खळ्यात जाऊन बसतात.

सासूबाईंनी बोटांवर मोजलं. "आषाढात येनार," म्हणाल्या आणि लाडवांचा डबा बंद केला. मी विचारलं, "आषाढ वाईट काय?" तर म्हणाल्या, "आषाढातलं पोर आमच्याकडं टिकत न्हाय."

टिकत नाही म्हणजे? आषाढाने काय कुणाचं घोडं मारलंय? "तुज्या चवकश्या पुरे!" असं म्हणून मला पीठ मळायला बसवलं.

१९ जानेवारी

मुंबईत दंगल, गोळीबार. मचवा मोऱ्याच्या बंदरात बांधून ठेवलाय, हे घरी. मिठाची पोती पडून. मी संधी साधली. म्हटलं, तुम्हाला कधी उन्हाळी लागली? पाणी पीत होते, असा ठसका लागला! "बायांच्या गोष्टी बापयाला इचारतेस?" पण मग डोकं खाजवून म्हणाले, "न्हाय. मचव्यावर कोनालाच न्हाय." बापरे, मग आहे काहीतरी.

२४ जानेवारी

उन्हाळीवर औषध विचारावं आणि मजा बघावी! एरवी ज्या बाया तोंड उघडत नाहीत त्यासुद्धा सांगायला लागतात. रोगाचं नाव दबक्या आवाजात, औषध मात्र ठणकावून. आजपर्यंत जमलेली अशी—

सासूबाई: मूठभर धने रात्री भिजत घालायचे, सकाळी खडीसाखर घालून ते पाणी अनशापोटी.

शेजारची मैनामावशी: केळीच्या सोपाचा, म्हणजे खांबाच्या सालपटाचा रस, वाटीभर. चव विचारू नये. हात काळे होतात ते वेगळंच.

नीराबाई, करंज्याहून म्हावरं घेऊन येते ती: पुळणीवरचं गोखरू ठेचून काढा. "खडा असंल तर त्योबी पाडंल!" खडा कुठून आला मधेच?

माझी आई (निरोप पाठवला होता): तांदळाचं धुवण, त्यात जिरं. नाहीतर वाळ्याचं पाणी. नाहीतर शहाळं, तेही कोवळं.

आणि पथ्य सगळ्यांचं एकच. सुकट नको, जवळा नको, तिखट नको. सुकटीनेच उन्हाळी लागते, यावर गावात दुमत नाही. खारवलेलं, उन्हात वाळलेलं, उष्ण तर असणारच. पटतंय मला.

मी ठरवलं, एकेक औषध आठ आठ दिवस. सगळी एकदम दिली तर गुण कशाचा, कसं कळायचं?

२ फेब्रुवारी

धन्याचं पाणी आठ दिवस झालं. सकाळी बरं वाटतं. संध्याकाळी मिठागरावरून आली की पुन्हा शेवगा.

११ फेब्रुवारी

केळीचा रसही तसाच. सकाळी बरं, संध्याकाळी वाईट. सुकट पंधरा दिवस बंद आहे. बिचारी नुसती चटणीशिवायची भाकरी कांद्याबरोबर खाऊन जाते. उंबऱ्यावर बसून मला म्हणाली, "राही, तुजी औषधं भिकारी हायेत." आणि दोघी हसलो. हसल्यावर तिला कळ आली म्हणून मी एकटी गप्प झाले.

१३ फेब्रुवारी

अगं बाई! सुकट निर्दोष!

नीराबाई ओटीवर बसून बोंबलाचा वाटा लावत होती. मी सहज विचारलं, तुला किती वेळा लागली उन्हाळी? "मना? न्हाय बा. कंदीच न्हाय." "आणि सुकट खातेस?" तर खो खो हसली. "कोलनीला इचारते सुकट खातेस काय! सकाली सुकट, दुपारी सुकट, पावसात तर दुसरं हाय काय?" तिच्या सुनेला नाही, तिच्या सासूला नव्हती, अख्ख्या कोळीवाड्यात एखाददुसरीला.

म्हणजे जी सगळ्यात जास्त सुकट खाते तिला नाही. आणि जिची बंद केली तिला आहे. मी धावत सासूबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "कोल्यांची हाडं येगली." झालं!

संध्याकाळी कमळबायला सुकट भाजून दिली. डोळे मिटून खाल्ली. लेकराला डोहाळे असतील सुकटीचे, उगीच पंधरा दिवस छळलं मी.

१७ फेब्रुवारी

मिठागरावर पहिला दिवस. मागल्या वर्षी नवी नवरी म्हणून सुटले होते. कमळबायने टोपल्या उचलायच्या नाहीत असं सासूबाईंनी ठरवलं, तिच्या वाटणीच्या मी उचलणार. ती वाफ्यातलं मीठ दाताळ्याने ओढून कडेला घेते. तेही वाकूनच की!

पांढरंच पांढरं सगळं. मैलभर सपाट. झाड नाही, झुडूप नाही. मधे बांध, तेही गुडघ्याएवढे. खाडीच्या कडेला तिवरं आहेत पण तिकडे जायला चिखल. सूर्य वरून आणि मिठातून, दोन्हीकडून भाजतो. नऊ वाजता माझा घसा कोरडा. मी तांब्या नेला होता, तोंडाला लावला मात्र, मैनामावशीने फटकन हात धरला! अर्धं पाणी अंगावर.

"मिठागरावर बाईनं पानी प्यायचं नसतं! मीठ कालं पडतं!"

मी बघतच राहिले. म्हटलं, ते काय मोरूमामा मुकादम मांडवात बसून तांब्यावर तांब्या पितायत! भावोजी पितायत!

"बापयांचं चालतं."

"का चालतं?"

"का म्हंजे? चालतं."

बाकीच्या बायांनीही माना डोलावल्या. पहाटे घोटभर पिऊन यायचं, पुढचं पाणी थेट घरी गेल्यावर. लहानपणापासून हेच चाललंय. कमळबाय दाताळं ओढत होती, तिने वर बघितलंही नाही. तिचे ओठ फुटले होते.

२६ फेब्रुवारी

लागली. मला.

२८ फेब्रुवारी

आई गं! दुसऱ्याची आग वहीत लिहिणं आणि आपली सोसणं, केवढा फरक! मिरची लावल्यासारखं. बसले की उठवत नाही, उठले की बसावंसं वाटतं. ओटीपोटात दगड. मी रागावलेय. कुणावर ते कळत नाही, म्हणून सगळ्यांवर. आज यांच्यावर पण ओरडले, हे बिचारे कालच दमून आले होते. त्यांनी काही न विचारता झाडावर चढून दोन शहाळी काढली. (म्हणजे माणसाला कळतं सगळं. बोलायचं नसतं एवढंच.)

२ मार्च

दोन दिवस घरी राहिले. शहाळी, धन्याचं पाणी, ताक, पेज. तिसऱ्या दिवशी बरी! सगळी औषधं एकदम घेतली, त्यामुळे गुण कशाचा ते देवाला ठाऊक. माझाच नियम मी मोडला.

पण घरी बसल्यावर औषध लागू पडतं आणि मिठागरावर जाणारीला पडत नाही. का?

९ मार्च

आज गंमत म्हणून आळीतल्या पोरांचे महिने विचारत फिरले. वहीचं एक पान त्याला दिलं. बावीस पोरं. त्यातली सोळा आश्विन-कार्तिकातली, दिवाळीच्या आगेमागे! दयाराम भावोजी कार्तिकातले, हे पण कार्तिकातले. आषाढातलं एक नाही. ज्येष्ठातलं एक, ते लंगडं आहे.

मग दुसरं पान केलं. ते गंमत म्हणून नव्हतं. ज्यांची गेली त्यांची नावं. मैना: चैत्र. तिची सून: फाल्गुन, वैशाख. काशी: चैत्र. कमळ: फाल्गुन, चैत्र. अकरा बायांची पंधरा. पावसातलं एकही नाही. सगळी मिठाच्या दिवसांतली.

सासूबाईंना विचारलं, तुमचं? चुलीकडे तोंड करून म्हणाल्या, "मना दोन झाली. दोनी हायेत."

आता बोटांवर मोजा: कार्तिकात येणाऱ्या पोराचं पोट वाढतं पावसात. तेव्हा मिठागर पाण्याखाली, बाया शेतावर. आषाढात येणाऱ्याचं पोट वाढतं तेच मुळी मिठात. आषाढाचा काय दोष! कमळबायला पाचवा आहे.

२० मार्च

काल कमळबायला हुडहुडी भरून ताप. पाठीत, बरगडीखाली कळ. सासूबाई अंगारा लावत होत्या. मी भावोजींना म्हटलं, बैलगाडी जुंपा, उरणला डॉक्टरकडे. सासूबाई म्हणाल्या, बापय डॉक्टर, त्याला काय सांगनार? भावोजींनी बैल आणले. बोलले काहीच नाहीत, पण आणले!

डॉक्टर म्हातारे, चष्म्याला दोरा. कमळबाय मान खाली घालून गप्प, सगळं मीच बोलले. त्यांनी काचेच्या नळीत लघवी घेऊन खालून दिवा लावला. वरचं पाणी गढूळ झालं, पांढरं! मी एवढी वाकून बघत होते की म्हणाले, "बाई, केस जळतील." मग सांगितलं, मूत्राशयाला सूज आहे, वर मूत्रपिंडाकडे चढतेय. गरोदरपणात हे अंगावर काढलं तर कळा आधीच येतात, मूल जातं.

मूल जातं. असं साधं सांगितलं.

सल्फाच्या गोळ्या दिल्या. मी धन्याचं पाणी, केळीचा रस सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. म्हणाले, "धन्याचं द्या, शहाळं द्या, जवाचं पाणी द्या. वाईट काही नाही. त्यात गुण धन्याचा किती आणि पाण्याचा किती, हे मलाही सांगता येणार नाही. पण गोळीला पाणी हवंच. दिवसाला आठ-दहा तांबे. पाणी नाही तर गोळी नाही, उलट अपाय होईल."

परत येताना गाडीत मी एकच घोकत होते. गुण पाण्याचा. गुण पाण्याचा! सगळ्या औषधांत सारखं काय? धन्याचं पाणी, वाळ्याचं पाणी, धुवण, शहाळं, ताक. पाणीच की! नीराबाई घरोघर म्हावरं विकते आणि घरोघर पाणी पिते!

२४ मार्च

ताप उतरला म्हणून कमळबाय आज कामावर आली. दुपारी पदराच्या गाठीतून गोळी काढून तोंडात टाकली. नुसती! कोरडी! थुंकीने गिळली.

मी सगळ्यांसमोर ओरडले. "डॉक्टरांनी काय सांगितलं? पाणी पी!" तांब्या पुढे केला. तिने ढकलला. "मीठ कालं पडंल, राही. अख्ख्या गावाचं मीठ हाय."

"आणि पोर?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढंच पाणी तिला त्या मिठागरावर मिळालं.

२६ मार्च

शिमगा. बाहेर बोंबा चालल्यात. माझ्या डोक्यात एकच. करून बघायचं! कमळबाय पाणी पिणार नाही. पण मी पिऊन बघीन. मीठ काळं पडलं तर मी खोटी. नाही पडलं तर?

३१ मार्च

नाही पडलं.

चार दिवस मी टोपलीत पेंढ्याखाली तांब्या लपवून नेला. माझा वाफा टोकाचा, एकटीचा. बांधाकडे तोंड करून घोट घोट प्यायले. आज मीठ ओढलं. पांढरं फेक! मैनामावशीच्या वाफ्यात उलट थोडं मळकं, तिच्या पायाला चिखल होता म्हणून. हसू आवरेना मला.

पण खरी गोष्ट ही नाही. खरी गोष्ट काल झाली.

दोन तांबे पोटात गेल्यावर अकरा वाजता लघवीला लागली. आता जायचं कुठे? इकडे मिठाच्या राशीवर बापये, तिकडे मांडवात मुकादम. बांध गुडघ्याएवढे. तिवरांत चिखल मांडीपर्यंत, आणि जाताना मैलभर सगळ्यांना दिसणार. बापये कुठेही पाठ फिरवून उभे राहतात. मी वाफ्याच्या मधोमध उभी, पाय आवळून, डोळ्यापुढे काजवे. संध्याकाळपर्यंत! घरी येताना मी रडत होते आणि चालत होते.

म्हणून बाया पाणी पीत नाहीत. मिठाचा काही संबंधच नाही! प्यायलं तर जावं लागेल, आणि जायला जागा नाही. एवढंच. एवढंसं!

२ एप्रिल

सासूबाईंना सांगितलं. वाटलं होतं शाबासकी देतील. मी चोरून पाणी प्यायले हे ऐकल्याबरोबर त्यांचा चेहरा पांढरा पडला. "कुठं गेलीस? बांधाआड गेलीस?" असं तीनदा विचारलं. नाही गेले, म्हटलं. तेव्हा खाली बसल्या. मग मात्र जे तोंड सोडलं! शिकलेली, अतिशहाणी, घर बुडवशील.

मीही तापले. "ही गोष्ट काढली तरी कोणी पहिल्यांदा?"

त्या चुलीकडे तोंड करून फुंकणी फुंकायला लागल्या.

६ एप्रिल

यांना सगळं सांगितलं. लाजून जमिनीकडे बघत ऐकलं. मग म्हणाले, "मचव्याचं जुनं शीड हाय. फाटकं. चार कलक लावले तर…" मी पुढचं ऐकलंच नाही. हिरामण! हिरामण! हिरामण! (वहीत चालतं.)

९ एप्रिल

शिडाचा आडोसा उभा राहिला. तिवरांच्या अलीकडे, चार उभ्या बांबूंवर, आत फळ्या टाकल्या. मोरूमामा मुकादम येऊन कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "काय गो राही, जहाज कुटं निघालं?" मी म्हटलं, "मामा, तिकडे फक्त बायांनी चढायचं." त्यांना समजलं. कानाच्या पाळ्या लाल! खाकरून म्हणाले, "बरं बरं. वाऱ्यानं पडंल, दोऱ्या घट्ट बांध." आणि स्वतःच बांधून दिल्या.

१२ एप्रिल

पाडवा. तीन दिवसांत शिडाआड मी एकटी गेले. बाकी एकही नाही. बाया म्हणतात, पाणीच पीत नाही तर जायचं कशाला? आणि पाणी प्यायलं तर मीठ… गोल गोल फिरतात घाण्याच्या बैलासारख्या. "आवडाबाई सांगंल तर बघू," मैनामावशी म्हणाली. आवडाबाई म्हणजे आमच्या सासूबाई. गावात त्यांचा शब्द.

१५ एप्रिल

सकाळी कमळबायला पुन्हा ताप. दुपारी पोट दगडासारखं झालं, सुटलं, पुन्हा झालं. सहावा महिना सरत आलेला. ती माझा हात धरून एकच म्हणत होती, "आलं काय गो? जातंय काय?"

भावोजी डॉक्टरांना गाडीत घालून घेऊन आले. सुई टोचली, आडवी निजवली, पाणी पाजत राहा म्हणाले. मी घोट घोट पाजलं. तिन्हीसांजेला पोट सैल पडलं. लेकरू आत हललं. तिने माझा हात तिथे ठेवला.

तेव्हा मी वही आणून सासूबाईंपुढे बसले आणि दुसरं पान वाचून दाखवलं. मैना, चैत्र. काशी, चैत्र. एकेक नाव, एकेक महिना. अकरा बाया, पंधरा लेकरं. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. "पुन्हा वाच," म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं. मग उठून बाहेर गेल्या. रागावल्या की काय, कळलं नाही.

१६ एप्रिल

आज जे झालं ते तसंच्या तसं लिहिते.

सासूबाई गुडघ्यांमुळे सहा वर्षं मिठागरावर आल्या नव्हत्या. आज आल्या. डोक्यावर पाण्याचं मडकं! बांधावरून हळूहळू, एक हात कमरेवर. सगळ्या बाया दाताळी धरून उभ्या. त्या माझ्या वाफ्यात उतरल्या, मडकं ठेवलं, तांब्या भरला आणि सगळ्यांच्या देखत गटागटा प्यायल्या. दुसरा भरला. तोही प्यायल्या. ओंजळभर मीठ उचलून मैनामावशीच्या नाकापुढे धरलं.

"बग. कालं पडलं?"

"न्हाय," मैनामावशी पुटपुटली.

"मग पी."

आणि स्वतः सरळ शिडाकडे चालत गेल्या, मैलभर सगळ्यांना दिसत. परत आल्या. लुगड्याचा काष्टा नीट केला. "कोन बगतंय का तिकडं? न्हाय. मी उभी ऱ्हाते. जावा एकेक."

काशी पहिली गेली. मग मैनामावशीची सून. दुपारपर्यंत मडकं रिकामं! सासूबाई शिडापाशी दिवसभर उभ्या, पाठ बायांकडे, तोंड बापयांकडे, हातात दाताळं. मोरूमामांनी मांडवातलं मडकं स्वतः आणून दिलं, तेव्हा त्यांच्यावरही दाताळं रोखलं होतं.

एका रात्रीत एवढं कसं फिरलं मन? विचारलं तर म्हणाल्या, "चवकश्या पुरे."

३ मे

शिडाला आता सगळ्या "जहाज" म्हणतात. "जहाजावर जाऊन येते!" पंधरा दिवसांत उन्हाळीची नवी एकच, तीही काशी, कारण तिला पाण्याची चव आवडत नाही म्हणे. तिला कोकम घालून देतो. कमळबाय घरी. भावोजी रोज दोन शहाळी आणतात आणि अजूनही बोलत नाहीत.

८ जून

मिठागर बंद. राशींवर पेंढा घातला. शीड काढून घडी करून माळ्यावर ठेवलं. कमळबायला आठवा सरत आला. पोट बघावं तर डोंगर!

२१ जुलै

मुलगी! आषाढातली! आवाज असा की म्हशीने दावं तोडलं. भावोजी खळ्यात जाऊन बसले नाहीत, दारातच उभे राहिले आणि पहिल्यांदा बोलले, "राहीला बोलवा. तिला दाखवा आदी."

मी घेतली. केवढी गरम! आणि लगेच माझ्या लुगड्यावर… कमळबाय हसून हसून रडली. "बघ गो, हिला न्हाय लागनार उन्हाली!"

५ ऑगस्ट

सासूबाई आज आपणहून माझ्याजवळ येऊन बसल्या. तान्ही त्यांच्या मांडीवर.

"ती गोष्ट कोनी काढली, इचारलं व्हतंस. मी काढली."

मी टाक खाली ठेवला.

"तवाचा मुकादम. मेला तो कवाच. बाई बांधाआड गेली का मागनं जायचा. माज्या मागनं आला. मग नव्या पोरींच्या मागं लागला. नाव घेऊन सांगनार कोनाला? म्हनून पोरींना सांगितलं, पानी प्यालात तर मीठ कालं पडंल. पानीच न्हाय तर बांधाआड जायचं काम न्हाय. वाचल्या पोरी. मना वाटलं, मी वाचवल्या."

तान्हीला उचलून खांद्यावर घेतलं.

"ते दुसरं पान काड. बायांचं."

काढलं.

"लिव. आवडा. फाल्गुन. चैत. चैत."